हा माणूस इथे राहत नाही

पुण्यात तीन वर्षे जर्मन शिकूनही एक गोष्ट मला कधी नीट साधली नाही, ती म्हणजे वाक्यातल्या नकाराची जागा. मराठीतले 'नाही' बिचारे शेवटी येऊन गुपचूप बसते. जर्मनमधला 'निष्ट' मात्र कोणत्या शब्दाच्या मागे आणि कोणत्या शब्दाच्या पुढे बसेल याचा नेम नसतो, आणि तो भलत्या जागी बसला की आमच्या बाई हातातली पेन्सिल टेबलावर दोनदा आपटत. 7 ऑक्टोबर 2024 रोजी, जर्मनीतल्या हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या शहरातल्या माझ्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तो पहिल्यांदाच, मी काही विचार न करता, आपल्या जागी जाऊन बसला. 'डीझर मान वोन्ट निष्ट हियर.' हा माणूस इथे राहत नाही. समोर उभ्या असलेल्या हाउसमायस्टरला, म्हणजे वसतिगृहाची देखभाल पाहणाऱ्या गृहस्थांना, ते एका दमात कळले. त्यांनी भुवया उंचावल्या नाहीत की 'काय म्हणालात?' असे विचारले नाही. मला इतका आनंद झाला की आपण नेमके काय बोललो याकडे माझे लक्षच गेले नाही. ते गेले रात्री.

तो माणूस म्हणजे माझे बाबा.

झाले होते असे. वसतिगृहाच्या तळमजल्यावर मुख्य दाराच्या शेजारी पत्रपेट्यांची एक अख्खी भिंत आहे, आपल्याकडे बँकेत लॉकर असतात तशी. प्रत्येक पेटीवर बोटभर रुंदीची पांढरी पट्टी आणि तिच्यावर छापलेले आडनाव. जर्मनीत पत्त्यात घराचा क्रमांक असतो, पण त्या घरातली कितवी खोली हे बहुधा लिहीत नाहीत. पोस्टमन पेटीवरचे नाव वाचतो आणि ते जुळले तरच पत्र आत टाकतो. जुळले नाही तर पत्र आल्या वाटेने परत जाते. शिवाय त्या देशात पहिल्या महिन्यात जे जे महत्त्वाचे असते ते सारे पत्रानेच येते: बँकेचे कार्ड एका पाकिटात, त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या पाकिटात आणि दुसऱ्या दिवशी, आरोग्यविम्याचे ओळखपत्र, कर क्रमांक. 'नाव नाही, तर पत्र नाही,' असे हाउसमायस्टर म्हणाले, आणि ते इतक्या सहजपणे म्हणाले की ही तिथली जुनी म्हण असावी असे मला वाटले. म्हणून सकाळी खाली उतरल्याबरोबर मी त्या भिंतीवर माझे आडनाव शोधू लागले. तुर्की आडनावे होती, चिनी होती, पोलिश होती, एक तेलुगू होते. माझे नव्हते. मग खोलीच्या क्रमांकावरून पेटी शोधली, तर तिच्यावर ठसठशीत रोमन अक्षरांत बाबांचे नाव. आडनाव नव्हे, नाव; बारशाला ठेवलेले, आजी परसातून ज्या नावाने त्यांना हाका मारीत असे ते.

कारण साधेच होते. वसतिगृहाकडे गेलेल्या यादीत आडनाव, माझे नाव आणि वडिलांचे नाव असे तीन शब्द एका ओळीत होते, आणि यादी करणाऱ्याने जगाच्या त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे शेवटचा शब्द हे आडनाव धरले. आपल्या तीन शब्दी नावाचे परदेशात असे काही ना काही होतेच. मधला शब्द कुठे ठेवावा हे कुणाला कळत नाही. महाराष्ट्रात तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लिहिणे आवश्यक झाले आहे. निर्णय चांगला आहे, मला मनापासून आवडला आहे. पण ती मुले वीस वर्षांनी जर्मनीत शिकायला जातील तेव्हा त्या बोटभर पट्टीचे काय होईल, ही कल्पना करून मला त्या सकाळीही थोडे हसू आले. हाउसमायस्टरनी माझा पासपोर्ट पाहिला, पट्टी पाहिली आणि विचारले, 'मग हे कोण?' मी म्हणाले, 'माझे वडील.' त्यावर ते किंचित वाकून माझ्या खांद्यामागे पाहू लागले. खरोखरच पाहू लागले, मागे कुणी बॅग घेऊन उभे आहे की काय असे. आणि तेव्हा, त्यांचा गैरसमज लगेच दूर करण्याच्या घाईत, मी ते वाक्य बोलले.

ते म्हणाले की पट्ट्या व्यवस्थापनाकडून छापून येतात, लेखी कळवा, बुधवारपर्यंत बदलून मिळेल. मी मान डोलावली आणि बसकडे पळाले, कारण दिवस अजून सुरूच व्हायचा होता.

आदल्या रात्री मी जवळजवळ उपाशी झोपले होते हे इथे सांगायला हवे. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात हे मला ठाऊक होते. पाठ्यपुस्तकात त्यावर एक धडाच होता आणि परीक्षेत त्यावर मी सहा ओळी लिहून गुणही मिळवले होते. पण रविवारी उतरणारे विमान निवडताना तो धडा काही आठवला नाही. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर घेतलेली पाण्याची बाटली उघडली तर आत सोडा निघाला. साधे पाणी हवे असेल तर बाटलीवर वेगळा शब्द शोधावा लागतो, हा धडा पुस्तकात नव्हता. मग बॅगेतली कडक भाकरी काढली. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी म्हणजे प्रवासासाठीच जन्माला आलेला पदार्थ; महिनाभर तिला काही होत नाही, विमानाच्या पोटात बारा तास राहून फार तर तिचे चार तुकडे होतात. शेंगाचटणीत ते तुकडे बुडवून, वर सोड्याचे घोट घेत मी खाल्ले. खोलीभर कडाकडा आवाज होत होता. शेजारच्या खोलीत कुणी असेल तर त्याला काय वाटत असेल, या विचाराने मी तुकडे आधी तोंडात भिजवून मग चावू लागले. पहाटे जाग आली ती कुठल्याशा प्राण्याच्या ओरडण्याने. वसतिगृहापासून शहराचे प्राणिसंग्रहालय जवळ आहे हे नंतर कळले. त्या क्षणी मात्र आपण कुठे आहोत याचाच पत्ता लागेना, आणि अंधारात हात पसरला तर भिंत नेहमीच्या बाजूला नव्हती.

नऊ वाजता विद्यापीठाच्या चौकातल्या नव्या इमारतीत परदेशी विद्यार्थ्यांचे स्वागत होते. मी नऊला दहा मिनिटे कमी असताना पोहोचले, तर सभागृहात खुर्च्या लावणारा एक मुलगा आणि मी, एवढेच. नऊ वाजले, नऊ पाच झाले, कुणी नाही. दिवस चुकला की इमारत, म्हणून छातीत धडधडू लागले तेव्हा त्या मुलाने पत्रकावर वेळेपुढे छापलेली दोन बारीक अक्षरे दाखवली. त्यांचा अर्थ असा की, कार्यक्रम लिहिलेल्या वेळेनंतर पाव तासाने सुरू होईल. जर्मन विद्यापीठांतला हा पाव तास जुन्या काळापासून चालत आलेला आहे. ज्या लोकांच्या वक्तशीरपणाच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो, त्यांनी आपल्या उशिराचीही वेळ ठरवून छापून ठेवली आहे, हे पाहून मला एकदम घरच्यासारखे वाटले. तो पाव तास मी बाहेर पायऱ्यांवर काढला. दाराच्या वर तीन शब्द कोरले आहेत, 'डेम लेबेंडिगेन गाइस्ट', जित्याजागत्या चैतन्यास. इमारत 1931 मध्ये उघडली तेव्हाचे हे शब्द. नाझी राजवटीत त्यातला 'जित्याजागत्या' हा शब्द काढून तिथे 'जर्मन' हा शब्द बसवला गेला आणि युद्धानंतर मूळ शब्द परत आला. ओळ तेवढीच, अक्षरे जवळजवळ तेवढीच, दारही तेच. दाराखालून त्या वर्षांत कोण आत जाऊ शकत होते आणि कोण नाही, हे एका शब्दाने सांगून टाकले होते. सकाळी पट्टी पाहून आले होते म्हणून असेल, पण पुढचा सगळा दिवस मला जिकडेतिकडे नावे आणि अक्षरेच दिसत राहिली.

आत गेल्यावर जे झाले त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. एक कापडी पिशवी मिळाली, तीत नकाशा, पेन आणि विमा कंपन्यांची पत्रके होती. कचरा किती डब्यांत वेगळा करायचा, हिवाळ्यातही खिडकी दिवसातून दोनदा सताड का उघडायची, त्या वर्षी 49 युरोंना मिळणाऱ्या मासिक तिकिटात देशभर कोणत्या गाड्या चालतात आणि कोणत्या नाहीत, हे सारे एका मुलीने हसतमुखाने आणि भयंकर वेगाने सांगितले. आम्ही सगळे जण माना डोलावत होतो. त्यातल्या निम्म्यांना काही कळत नव्हते हे त्या माना डोलावण्याच्या लयीवरूनच कळत होते. मग शहर दाखवायला नेले आणि त्या फेरीत जुन्या विद्यापीठाच्या मागच्या गल्लीतला विद्यार्थ्यांचा तुरुंग पाहायला मिळाला. रात्री दंगा केला, पोलिसांची खोड काढली, तलवारीचे द्वंद्व खेळले, असल्या अपराधांसाठी विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांना तिथे काही दिवस कोंडून ठेवीत असे. 1778 पासून 1914 पर्यंत तो वापरात होता. कोंडलेल्या मुलांनी भिंती, जिने, छत, काही म्हणता काही सोडलेले नाही: मेणबत्तीच्या काजळीने काढलेल्या स्वतःच्या काळ्या सावल्या, डोक्यावर रंगीत टोपी, खाली नाव आणि तारखा. शिक्षा झाल्याची लाज कुठेच दिसत नाही. उलट आपण इथे होतो हे सांगण्याची हौस ओसंडून वाहते. आमच्याकडे किल्ल्यांच्या भिंतींवर बाण आणि बदाम काढणाऱ्यांना मी लहानपणापासून शिव्या देत आले आहे, आणि इथे तसल्याच उद्योगाचे तिकीट काढून दर्शन घेत होते. राग यायला हवा होता, पण आला नाही. मी नावे वाचत राहिले, त्यात मधल्या नावाचा कुणी आहे का ते पाहत.

दुपारी शहराच्या नोंदणी कार्यालयात माझी वेळ होती. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत तिथे जाऊन आपण अमुक घरात राहतो अशी नोंद करावी लागते. ती झाली की मग बँक, निवासाचा परवाना, बाकीचे सारे. म्हणजे सरकारदरबारी तुम्ही तिथे राहता ते त्या दिवसापासून. हातात क्रमांकाची चिठ्ठी घेऊन मी बाकावर बसले होते. समोरच्या पडद्यावर आकडे बदलत होते आणि प्रत्येक बदलाला एक मंद टुण्ण आवाज होत होता. अर्जात एक रकाना धर्माचा होता, कारण तिथे चर्चचा कर सरकारच गोळा करते. त्या रकान्यात काय लिहावे याचा विचार करीत असताना फोन थरथरला. बाबा. आपल्याकडे पावणेचार वाजले होते. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी फोन लावला असणार. पडद्यावर माझ्या आधीचा आकडा आला होता. मी फोन कापला आणि लिहिले, 'कामात आहे, नंतर करते.'

पाठवून झाल्यावर ते शब्द मला ओळखीचे वाटले. ते बाबांचे होते.

बाबा तहसील कार्यालयात होते. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. तेव्हा शनिवारीही कार्यालय असे आणि आमची शाळा शनिवारी सकाळची, त्यामुळे शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या मागच्या लाकडी कपाटाला टेकून बसायची. तिथून मला खिडकीबाहेरची माणसे फक्त छातीपर्यंत दिसत. धोतरे, सदऱ्यांची बटणे, पिशवीतून कागद काढणारे हात. त्या हातांत कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल दुसऱ्या पिशवीत असे. एकदा एक म्हातारे गृहस्थ तिसऱ्यांदा आले होते. सातबाऱ्यावर त्यांच्या नावाच्या शेवटी 'बा' होते आणि रेशनकार्डावर 'राव'. बाबा म्हणाले, 'नावात तफावत आहे. शपथपत्र करून आणा.' ते म्हणाले, 'सायेब, म्या हितं उभा हाय की.' बाबा म्हणाले, 'मला दिसताय तुम्ही. कागदाला दिसत नाही ना.' म्हाताऱ्यांनी कागद पुन्हा पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल पिशवीत असे सगळे केले आणि ते गेले. मी दहा वर्षांची होते. घरी जाताना मी सायकलच्या दांडीवर बसून एक शब्द बोलले नाही. बाबा दुष्ट आहेत असे माझ्या मनाने ठरवून टाकले होते आणि पुढे कित्येक वर्षे, भांडण झाले की, तोंडाने न उच्चारता मी तो म्हातारा त्यांच्यासमोर उभा करीत असे.

टुण्ण आवाज झाला आणि माझा आकडा आला. टेबलापलीकडच्या बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या; गळ्यात जाड लोकरीचा रुमाल, शेजारी एका छोट्या कुंडीत निवडुंग. मी पासपोर्ट दिला, अर्ज दिला, भाडेकरार दिला. त्यांनी करार बाजूला ठेवला आणि घरमालकाच्या सहीचा कागद मागितला. भाडेकरार वेगळा आणि हा माणूस माझ्याकडे खरोखर राहायला आला आहे असे घरमालकाने लिहून दिलेला कागद वेगळा. 2015 च्या नोव्हेंबरपासून तो लागतोच. मला आलेल्या सूचनांत तो चौथ्या क्रमांकावर होता हे मी नंतर पाहिले. चूक सर्वस्वी माझी होती. पण त्या क्षणी मला वाटले की या बाईंना वस्तुस्थिती समजत नाही. मी तिथे राहते हो. काल रात्री मी तिथेच झोपले. आणि काय वाटले कुणास ठाऊक, मी खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. बाईंनी किल्लीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एका बोटाने ती किल्ली हळूच माझ्याकडे सरकवली. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. कोऱ्या कागदाची एक प्रत त्यांनी छापून दिली, सही कुठे घ्यायची तिथे पिवळ्या पेनने रेघ ओढली आणि पुढची वेळ लिहून दिली.

म्या हितं उभा हाय की. हे जर्मनमध्ये कसे म्हणायचे, ते मला येत होते. अगदी सोपे वाक्य आहे, नकारसुद्धा नाही त्यात. मी म्हणाले नाही.

बाहेर आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पोटात आग पडली होती. नदीकाठच्या जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत आता विद्यार्थ्यांचे भोजनगृह आहे. तिथे हवे ते वाढून घ्यायचे आणि ताट वजनकाट्यावर ठेवायचे, जेवढे ग्रॅम तेवढे पैसे. मला हे ठाऊक नव्हते. मी उकडलेल्या बटाट्यांचा डोंगर आणि वर दाट आमटीसारखे काहीतरी घेतले. माझ्या पुढच्या मुलीच्या ताटात पालापाचोळा आणि तळलेले हलके काहीतरी होते; तिचे पैसे माझ्या निम्मे झाले. जेवणाचे असे वजन होताना पाहून मला आमच्या गावच्या भुसार दुकानातला काटा आठवला. त्या काट्यावर दुकानदार शेवटी एक मूठ वर टाकत असे, 'ही लेकीची' म्हणून. इथे आकडा दशांशात दिसतो.

मी ज्या कामासाठी आले होते ते मात्र त्या दिवशी झालेच नाही. गुंथर सोन्थायमर या विद्यापीठात शिकवीत. हा जर्मन माणूस आमच्याकडच्या माळरानांवर धनगरांच्या वाड्यावाड्यांवर फिरला, बिरोबा-म्हसकोबा-खंडोबाच्या ओव्या त्याने ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांचा अर्थ लावण्यात आयुष्य घालवले. 1992 मध्ये ते गेले. दक्षिण आशिया संस्थेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटे पाहायची, असे मी विमानात ठरवले होते. चार वाजता मी त्या दिशेने निघालेही, पण वाटेत आठवले की खोलीत ना मीठ आहे ना साबण, उशीला अभ्रा नाही, आणि मी बाजाराकडे वळले. जाताना एवढेच मनात येत राहिले की 'सोन्थायमर' या आडनावाचे वाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी काय केले असेल. पट्टी छापायची वेळ त्यांच्यावर आली नाही म्हणून, नाहीतर तेही कुणाच्या तरी नावाने राहिले असते.

बाजारात मी चुका केल्या त्या साऱ्यांनी केलेल्याच आहेत. पैसे घेणारी बाई वस्तू इतक्या वेगाने पुढे फेकत होती की मी तांदूळ पिशवीत भरेपर्यंत मागच्यांचे दूध येऊन माझ्या साबणाला टेकले. एक गोष्ट मात्र जमली. कालची सोड्याची रिकामी बाटली मी बरोबर नेली होती; ती यंत्राच्या तोंडात घातली की यंत्र तिला गोल फिरवून तिच्यावरची खूण वाचते आणि 25 सेंटची चिठ्ठी देते. लहानपणी मी किराणा दुकानात रिकाम्या बाटल्या परत नेऊन देत असे आणि सुटे पैसे मुठीत घट्ट धरून घरी येत असे. तीच घट्ट मूठ. दिवसभरात कुणीतरी माझ्याकडून काही घेऊन, नाव न विचारता, मला काही दिले ते एवढेच.

संध्याकाळी पिशव्या घेऊन मी मुद्दाम चालत निघाले. नेकार नदीचे पाणी शिसवी रंगाचे दिसत होते, पलीकडच्या टेकडीवर द्राक्षमळ्यांची पाने पिवळी पडू लागली होती आणि मागे वळून पाहिले की अर्धा ढासळलेला किल्ला दिव्यांनी लाल झालेला. नदीकाठच्या एका रस्त्याला इक्बालांचे नाव आहे. 1907 मध्ये जर्मन शिकण्यासाठी ते इथे राहिले होते आणि इथल्या संध्याकाळच्या शांततेवर त्यांनी उर्दूत कविता लिहिली. पाटीखाली पिशव्या ठेवून मी थोडा वेळ बोटे मोकळी केली. पिशव्यांचे बंद बोटांत रुतून पांढरे वळ उठले होते. इक्बालांनाही 'निष्ट' कुठे ठेवायचा हे कळायला किती दिवस लागले असतील, असा फालतू विचार मनात आला. मग फोन पाहिला. आईचा निरोप सकाळपासून पडून होता: घटाचा फोटो, गहू बोटभर वर आलेले, आणि खाली 'आज पांढरा रंग आहे गं.' नवरात्र चालू आहे हे मी विसरून गेले होते. अंगात गडद निळे जाकीट होते. पांढरे म्हणावे असे माझ्याजवळ त्या दिवशी काही असेल तर ते पिशवीतले कोरे अर्ज.

वसतिगृहाच्या दारात आले तेव्हा अंधार पडला होता. किल्ली काढताना नजर पुन्हा त्या पट्टीवर गेली आणि सकाळचे वाक्य आठवले. नुसता अर्थ नाही, आवाजासकट आठवले. त्यातला आत्मविश्वास, त्यातली घाई. कुणी अनोळखी माणसाने माझ्या बाबांसाठी वाकून मागे पाहिले होते, आणि मी काय केले, तर व्याकरण सांभाळले. बाबा कधी विमानात बसलेले नाहीत. पासपोर्ट त्यांनी काढलेला नाही. माझा काढताना मात्र सगळे कागद स्वतः लावून, क्रमाने टाचून दिले होते. निवृत्तीनंतर संध्याकाळी आमच्या ओट्यावर लोक येतात, त्यांचे अर्ज ते लिहून देतात. पैसे घेत नाहीत, चहा मात्र पाजतात, आणि आई दुधाचा हिशेब ऐकवते. हे ते आधीपासूनच करीत होते, नोकरीत असतानाही, रविवारी. त्या म्हाताऱ्यांचे शपथपत्र त्यांनीच लिहून दिले होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारले असते तर कदाचित 'नाही' म्हणाले असते, आणि मग तो म्हातारा माझ्याकडे तसाच उभा राहिला असता. म्हणूनही विचारले नसेल.

नऊ वाजता फोन लावला. तिकडे साडेबारा झाले होते, तरी पहिल्या घंटेलाच उचलला.

'झाली का कामं?'

मी सांगितले की एक झाले, एक परत आले. परत का आले ते त्यांनी नीट विचारून घेतले, घरमालकाच्या सहीच्या कागदाला 'बरोबर आहे त्यांचं' म्हणाले. मग मी पत्रपेटीचे सांगितले.

'नाव चुकलंय? मग कुणाचं पडलंय?'

'तुमचं.'

पलीकडून पंख्याचा आवाज येत राहिला. ऑक्टोबरची उष्णता असणार. मग ते म्हणाले, 'ते दुरुस्त करून घ्यावं लागेल. आता सोपं वाटतं, पुढं फार त्रास होतो.' आणि त्यांचा आवाज एकदम टेबलावरचा झाला. अर्ज लेखी दे, तोंडी सांगितलेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही. विषय वर लिही, एका ओळीत. पासपोर्टची प्रत जोड. एक प्रत आपल्याजवळ ठेव, तिच्यावर पोच घे. मी म्हणाले की इथे शिक्के मारत नाहीत. 'मारत नाहीत?' त्यांना हे फारच वाईट वाटलेले दिसले. 'मग सही तरी घे. तारखेसकट.' तो माणूस आठला येतो का, असे विचारून ते म्हणाले, 'मग सव्वाआठला जा. आल्या आल्या नको. त्याला आधी त्याचं काय ते आवरू दे, खुर्चीत नीट बसू दे. आणि जेवणाच्या सुट्टीआधी तर अजिबात नको.' चाळीस वर्षे खिडकीच्या आत बसलेला माणूस मला खिडकीच्या बाहेर कसे उभे राहायचे ते सांगत होता, आणि मी बोर्डिंग पासच्या मागच्या बाजूला ते सारे मराठीत लिहून घेत होते. सकाळचे ते वाक्य मात्र मी त्यांना सांगितले नाही.

'झोपा आता,' मी म्हणाले.

'झोपतो. आणि ऐक. दुरुस्तीआधी त्या पट्टीचा एक फोटो काढून ठेव. अक्षरं वाचता येतील असा, नीट. पुरावा लागतो.' थोडे थांबून म्हणाले, 'मलापण पाठव.'

मी चपला घालून खाली गेले. तळमजल्यावरचा दिवा माणसाची हालचाल दिसली तरच लागतो आणि स्थिर उभे राहिले की मिनिटभरात विझतो. पहिल्या फोटोत पेटीच्या पत्र्यावर माझीच सावली पडली. दुसऱ्या वेळी मी फोन स्थिर धरला तेवढ्यात दिवा गेला. तिसऱ्या वेळी डावा हात डोक्यावर हलवत, उजव्या हाताने फोटो काढला, आणि तो चांगला आला. बाबांचे नाव, शेजारी एक तुर्की आडनाव, खाली एक पोलिश. पाठवला. निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर काही आले नाही. तिकडे एक वाजून गेला होता आणि माझ्या फोनवर, 'बाबा' या नावाखाली, 'ऑनलाइन' ही अक्षरे बराच वेळ तशीच होती.